बियाण्याची काकडी

मागच्या उन्हाळ्यात बॉस्टनजवळ लेकीकडे होते. तिच्या परसात लोणच्याच्या काकडीचा वेल चढवला होता. बी 'बॉस्टन पिकलिंग' या एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेल्या जुन्या वाणाचं. बोटाएवढ्या काकड्या तोडायच्या आणि लसूण, शेपूचा फुलोरा घालून मिठाच्या पाण्यात आंबवायच्या. एक काकडी मात्र मी तोडू देईना. ती वेलावरच पिवळी पडली, तशी लेक म्हणाली, "अगं आई, वाया गेली ना ती!" म्हटलं, "वाया नाही गं, ती बियाण्याची."

आमची आजी असंच करायची. एक चांगलं तवसं वेलावर राखायची, बिया राखेत घोळवून शेणाबरोबर भिंतीला थापायची. पुढच्या मृगाला तेच बी.

काकडी मूळची आपल्याकडचीच. हिमालयाच्या पायथ्याशी तिची कडू, रानटी बहीण अजून उगवते. इथून ती पश्चिमेकडे गेली. कोलंबसाच्या लोकांनी १४९४ मध्ये ती आज हैती ज्या बेटावर आहे तिथे लावली.

पण खरी गंमत पुढेच आहे. केवडा रोगाने अमेरिकेतले काकडीचे मळे करपायचे. त्या रोगाला तोंड देणारा गुण सापडला तो भारतातून गेलेल्या एका काकडीत. तिच्यापासून काढलेल्या वाणांनी १९६० च्या दशकापासून चाळीसेक वर्षं तिथली शेतं सांभाळली. २००४ मध्ये रोगाने नवं रूप घेतलं आणि पुन्हा नव्या बियाण्याचा शोध सुरू झाला. तिकडच्या सरकारी बीजसंग्रहात त्या काकडीची ओळख म्हणजे एक क्रमांक, १९७०८७.

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. लढाया, तह, सनावळ्या. पण त्या काकडीचं बी पिढ्यान् पिढ्या कुणी राखलं, कुणाच्या घरच्या भिंतीवर ते वाळलं, हे मला कुठल्याच पाठ्यपुस्तकात भेटलं नाही.

आणि दुसऱ्यांना काय बोलायचं? आजीच्या तवशाचं बी आमच्याच हातून गेलं. जुनं घर पाडलं तेव्हा मातीच्या भिंतीबरोबर तेही गेलं. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

असो. लेकीने बिया दोन दिवस त्यांच्याच रसात आंबवल्या, धुऊन सावलीत वाळवल्या आणि पाकिटावर वर्ष घातलं. परसात काकडीची दुसरी जात नव्हती ते बरं, नाहीतर मधमाश्या भेसळ करतात.

मंडळी, गावाकडे कुणाच्या वेलावर अजून जुनं तवसं लागत असेल, तर या वर्षी एक तोडू नका. आणि जमलं तर चार बिया मला पाठवा.