सीट बेल्ट : देशोदेशीची रचना

मोटारीतील प्रवाशाला आसनाला धरून ठेवणारा विणलेला पट्टा. खांदा आणि कंबर एकाच पट्ट्यात धरणारी आजची तीनबिंदू रचना व्होल्वो कंपनीतील स्वीडिश अभियंता नील्स बोलिन याने १९५९ मध्ये केली. मूळ रचना जगभर तीच राहिली. देशादेशांत फरक पडले ते कायद्यांमुळे.

मानके : युरोपात संयुक्त राष्ट्रांचा नियम क्र. १६ चालतो, अमेरिकेत संघराज्याचे मानक क्र. २०९. पट्टा दोन्हीकडे किमान ४६ मिमी रुंद लागतो. मात्र तुटेपर्यंतचा ताण युरोपात किमान १४,७०० न्यूटन, तर अमेरिकेत खांद्याच्या भागाला १७,७९३ आणि कमरेच्या भागाला २२,२४१ न्यूटन सांगितला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या नियमात बकलाचे बटण लालच हवे आणि बकलाचा दुसरा कोणताही भाग लाल नको. भारताचे मानकही याच वळणाचे आहे. चाचण्या पुण्याच्या एआरएआय (स्थापना १९६६) या संस्थेत होतात.

गुंडाळी : झटका बसताच अडकणारी गुंडाळी सर्वत्र आढळते. अमेरिकी गाडीत चालकाखेरीज इतरांचा पट्टा पूर्ण ओढून सोडला की टकटक करीत आत जातो आणि पुन्हा बाहेर येत नाही. बालआसन घट्ट बांधण्यासाठी ही सोय १९९५ पासून सक्तीची झाली. युरोपीय आणि भारतीय गाड्यांत ती सहसा नसते. अमेरिकेहून परतणारी मराठी कुटुंबे तिकडचे बालआसन सोबत आणतात, त्यांना हा फरक पहिल्याच दिवशी कळतो.

आपोआप बसणारे पट्टे : ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९७० मध्येच पट्टा लावण्याची सक्ती केली. अमेरिकेतील पहिला राज्य कायदा न्यूयॉर्कचा, तो १९८४ चा. लोक लावत नाहीत म्हणून तिथे दाराच्या चौकटीतील रुळावरून विजेच्या मोटरने सरकत खांद्यावर येणारे पट्टे निघाले. कमरेचा पट्टा मात्र हातानेच लावायचा, आणि तोच राहून जाई. एअरबॅग सक्तीची झाल्यावर हा प्रकार संपला.

भारत : केंद्रीय मोटार वाहन नियम १२५ व १३८ यांत पुढील आसने आणि समोर तोंड असलेली मागील आसने येतात. पवनीसारख्या तालुक्याच्या गावांना ओळखीच्या काळ्या-पिवळ्या जिपांत मागे समोरासमोर बाके असतात. त्यांवरच्या प्रवाशांना हे नियम लागू होत नाहीत, आणि जीप भरते ती तिथेच. चर्चा मात्र महामार्गावरच्या मोटारींची होते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यातील चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे एक सहप्रवासी मोटार अपघातात मृत्यू पावले. दोघे मागे बसले होते आणि त्यांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. पट्ट्याने ते वाचले असते का, याविषयी मतभेद आहेत. १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबई पोलिसांनी सर्व प्रवाशांना सक्ती केली. दंड मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार १,००० रुपये. पट्टा न लावल्यास होणारा बीपचा आवाज बंद करण्यासाठी बकलात खोचायच्या क्लिपा २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन बाजारांतून काढायला लावल्या.

शालेय वाहने : स्वतंत्र नियम.