खूण न लावता ओळखणारा प्रकाश

औषध शरीरातल्या प्रथिनाला चिकटते का आणि किती वेळ चिकटून राहते, यावर त्याचा गुण बराचसा अवलंबून असतो. पण रेणूंची ही भेट डोळ्यांना दिसत नाही.

1950 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये रोझालिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी इन्सुलिनला किरणोत्सारी आयोडीनची खूण लावून रक्तातले इन्सुलिन मोजले. या कामासाठी यॅलो यांना 1977 मध्ये नोबेल मिळाले. बर्सन तोवर हयात नव्हते. पद्धत मोठीच होती, पण खुणेची एक अडचण असते. खूण चिकटवली की कधीकधी रेणूचे वागणेच बदलते.

बिनखुणेची वाट एका कोड्यातून निघाली. 1902 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट वुड यांना बारीक रेघा असलेल्या धातूच्या पट्टीवरून परतलेल्या प्रकाशात अनपेक्षित काळे पट्टे दिसले. कारण सापडले नाही, तरी त्यांनी निरीक्षण छापले. 1968 मध्ये ऑटो यांनी, तसेच क्रेचमन आणि रेथर यांनी, लोलक वापरून हाच परिणाम हवा तेव्हा घडवता येतो हे दाखवले. 1983 मध्ये स्वीडनच्या लिंकोपिंगमध्ये लीडबर्ग, नायलँडर आणि लुंडस्ट्रोम यांनी त्यातून जैवसंवेदक बनवला. 1990 मध्ये बियाकोर हे यंत्र बाजारात आले.

काचेवर सोन्याचा सुमारे 50 नॅनोमीटरचा थर असतो. काचेच्या बाजूने टाकलेला प्रकाश एका ठरावीक कोनात सोन्यातल्या इलेक्ट्रॉनांना ऊर्जा देतो आणि परतताना मंद होतो. दुसऱ्या बाजूला रेणू चिकटला की तिथला अपवर्तनांक बदलतो आणि तो कोन सरकतो. चिकटणे, सुटणे, सारे क्षणाक्षणाला नोंदले जाते.

अपवर्तन म्हटले की मला दहाव्या शतकातल्या बगदादचे इब्न सहल आठवतात. 984 च्या सुमारास त्यांनी अपवर्तनाचा नियम भूमितीतून मांडला होता. म्हणून 'हे यंत्र आमचेच' असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे वुड आणि लिंकोपिंगच्या मंडळींवर अन्याय होईल, आणि इब्न सहल यांच्यावरही. त्यांनी प्रकाश वाकतो कसा हे नेमकेपणाने मांडले, नुसता अभिमान बाळगला नाही. वुड यांनी न समजलेलेही नीट लिहून ठेवले. वारसा सांगायचाच असेल, तर या सवयीचा सांगू या.