छापून झालं की रद्दी! जुन्या क्राइम कॉमिक्सची मूळ चित्रं आज इतकी महाग का?

एका हातात रक्ताळलेली कुऱ्हाड, दुसऱ्या हातात केसांना धरलेलं बाईचं मुंडकं. अमेरिकेत १९५४ साली निघालेल्या 'क्राइम सस्पेनस्टोरीज'च्या २२व्या अंकाचं हे मुखपृष्ठ. त्याच वर्षी २१ एप्रिलला न्यूयॉर्कमध्ये सिनेटच्या उपसमितीची सुनावणी होती. सिनेटर एस्टेस केफॉव्हर यांनी हा अंक प्रकाशक बिल गेन्स यांच्यासमोर धरला आणि विचारलं, हे अभिरुचीला धरून आहे का? भयकथांच्या कॉमिकसाठी आहे, असं गेन्स म्हणाले. हे उत्तर त्यांना महागात पडलं.

त्या अंकाची किंमत होती १० सेंट, आणि प्रती छापल्या गेल्या ढिगाने. पण जॉनी क्रेग यांनी शाईने काढलेलं मुखपृष्ठाचं मूळ चित्र एकच. संग्राहक धावतात ते अशा चित्रांमागे.

मूळ चित्र म्हणजे नेमकं काय?

जाड ब्रिस्टल बोर्डवर आधी पेन्सिलने आणि मग ब्रश व काळ्या शाईने काढलेलं पान. त्या काळात ते छापील पानापेक्षा बरंच मोठं काढायचे. छपाईसाठी लहान केलं की रेषा नेटक्या दिसत. गेन्स यांच्या ईसी कॉमिक्समध्ये तर क्रम उलटा होता. बहुतेक गोष्टींचा मजकूर आधी बोर्डवर लिहिला जाई आणि उरलेल्या जागेत चित्रकार चित्र बसवत असे. ईसीची ती ठोकळेबाज अक्षरं साच्याने काढलेली असत.

पहिल्यांदा मूळ पान पाहणाऱ्याला धक्का बसतो, कारण त्यात रंगच नसतात. रंगांचं काम वेगळ्या प्रतीवर व्हायचं. ईसीत ते मुख्यतः मेरी सेव्हरिन करत.

मग ही पानं गेली कुठे?

छपाईच्या प्लेट तयार झाल्या की मूळ पानाचं काम संपायचं. चित्रकाराला पानामागे ठरलेले पैसे मिळत, पानाची मालकी प्रकाशकाकडे राही. अनेक प्रकाशकांनी ती फेकली, फाडली किंवा वाटून टाकली. १९४२ साली 'क्राइम डझ नॉट पे'ने या प्रकाराची लाट आणली, पण त्या दशकातली मूळ पानं आज फार थोडी उरली आहेत.

गेन्स यांनी मात्र जवळजवळ सगळी पानं जपून ठेवली. सुनावणीनंतर १९५४ मध्येच प्रकाशकांनी 'कॉमिक्स कोड' आणला. मुखपृष्ठावर 'क्राइम' हा शब्द इतर शब्दांपेक्षा फार मोठा नको, इथपर्यंत त्याचे नियम होते! १९५५ मध्ये २७व्या अंकावर 'क्राइम सस्पेनस्टोरीज' बंद पडलं. 'मॅड' तेवढं तरलं. पुढे रस कॉक्रन यांनी ईसीच्या गोष्टी मूळ पानांवरून कृष्णधवल ग्रंथांत पुन्हा छापल्या आणि गेन्स यांच्या साठ्यातली पानं लिलावात विकली. आज बाजारात फिरणारी ईसीची बहुतेक पानं याच साठ्यातली आहेत. ज्या मुखपृष्ठावरून सिनेटमध्ये जाब विचारला गेला, त्याच्या मूळ चित्राची किंमत आता लाखो डॉलरमध्ये आहे.

खरं-खोटं कसं ओळखतात?

गंमत म्हणजे स्वच्छ पान पाहिलं की जाणकार सावध होतात. खऱ्या पानावर छापखान्याच्या सूचना, पांढऱ्या रंगाने झाकलेल्या चुका, पिवळे पडलेले गोंदाचे डाग असतात. छापील अंक शेजारी ठेवून रेष न् रेष ताडून पाहतात. पान आधी कोणाकडे होतं, कोणत्या लिलावात विकलं गेलं, याची साखळीही तपासतात. खुद्द क्रेग यांनी उतारवयात आपली काही गाजलेली मुखपृष्ठं पुन्हा रंगवून दिली होती. तीही त्यांच्याच हातची, पण संग्राहकांच्या भाषेत ती 'रीक्रिएशन'. छपाईसाठी वापरलेल्या मूळ चित्राचा भाव त्यांना मिळत नाही.

किंमत चित्रकाराच्या नावावर ठरतेच, पण पानावर काय आहे यावरही. मुखपृष्ठ सगळ्यात वर, मग गोष्टीचं पहिलं पान. दोघं नुसते बोलत बसलेत अशा पानाला गिऱ्हाईक कमी. त्यामुळे विकताना गोष्टीची पानं सुटी करण्याचा मोह होतो, आणि एकदा वेगवेगळ्या घरी गेलेली पानं पुन्हा एकत्र येणं कठीण. खून एकाच्या भिंतीवर आणि खुनी दुसऱ्याच्या!