न्यायाधीशांच्या निवृत्तीचे वय

लोकशाही कोसळली म्हटले की रणगाडे डोळ्यांपुढे येतात. १९७३ मध्ये चिलीत तसेच घडले. पण आज या विषयाच्या अभ्यासकाचा बराचसा वेळ राजपत्रे आणि सेवानियम वाचण्यात जातो. नव्या वाचकाचे स्वागत मी मुद्दाम त्या रुक्ष कागदांपाशीच करतो आहे.

हंगेरीचेच पाहा. एप्रिल २०१० मध्ये व्हिक्टर ओर्बान यांच्या फिदेस आघाडीला सुमारे ५३ टक्के मते मिळाली, जागा मात्र दोन तृतीयांशांहून अधिक. एवढ्या बळावर तिथे राज्यघटनाच बदलता येत होती. नवी घटना १ जानेवारी २०१२ ला लागू झाली आणि न्यायाधीशांच्या निवृत्तीचे वय ७० वरून ६२ वर आले. सर्व सरकारी नोकरांना एकच नियम, असे सरकारचे समर्थन होते. ऐकायला त्यात वावगे काहीच नाही! प्रत्यक्षात ज्येष्ठ न्यायाधीशांची अख्खी फळी घरी बसली, न्यायालयांची अध्यक्षपदे रिकामी झाली. नोव्हेंबरमध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने हा बदल बेकायदा ठरवला, तोवर त्यांतल्या बऱ्याच खुर्च्या भरल्या गेल्या होत्या. २०१४ मध्ये आघाडीची मते ४५ टक्क्यांपर्यंत घसरली, तरी नव्या निवडणूक कायद्याखाली दोन तृतीयांश जागा शाबूत राहिल्या.

हुआन लिंझ यांनी १९७८ मध्ये लोकशाहीच्या पडझडीची मांडणी केली, तेव्हा त्यांच्यासमोर दोन महायुद्धांमधला युरोप होता. २०१६ मध्ये नॅन्सी बर्मिओ यांनी दाखवले, की उघड लष्करी उठाव कमी झाले आहेत आणि निवडून आलेली सरकारेच आपल्यावरचे अंकुश एकेक करून सैल करत आहेत. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. आणीबाणीत सरकारविरुद्ध एकट्याने निकाल देणाऱ्या न्या. ह. रा. खन्ना यांची ज्येष्ठता जानेवारी १९७७ मध्ये डावलली गेली, तीही राष्ट्रपतींच्या आदेशाने, रीतसर.

प्रत्येक पाऊल कायदेशीर असते, हीच या अभ्यासातली खरी अडचण. म्हणून नियम काय म्हणतो यापेक्षा रिकाम्या जागेवर कोण येतो आणि त्याला कोण नेमतो, हे आधी पाहावे, असे माझे ठाम मत आहे.

जुलै २०१८ मध्ये पोलंडच्या सरकारनेही सर्वोच्च न्यायालयातले निवृत्तीचे वय ७० वरून ६५ वर आणले. न्यायालयाच्या अध्यक्ष मालगोझाता गेर्सडॉर्फ दुसऱ्या दिवशी नेहमीसारख्या कामावर हजर झाल्या. बाहेर लोक जमले होते. युरोपीय न्यायालयाने या वेळी अंतिम निकालाची वाट न पाहता ऑक्टोबरमध्येच अंतरिम आदेश दिला, आणि वर्ष सरण्याआधी न्यायाधीश आपापल्या जागी परतले. बुडापेस्टमध्ये जे निभावले ते वॉर्सात का अडले, याचा शोध पहिल्या प्रकरणापासून सुरू होतो.