तंतुकणिकेत शिरणारे पेप्टाइड

पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकांवर (मायटोकॉन्ड्रियांवर) नेमके काम करणाऱ्या पेप्टाइड औषधांचा उगम वेदनाशामकांच्या शोधात आहे. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची आखूड साखळी. १९८१ मध्ये इटालियन संशोधकांनी दक्षिण अमेरिकेतील एका झाडबेडकाच्या कातडीतून मिळालेल्या सात अमिनो आम्लांच्या ‘डर्मॉर्फिन’ची माहिती प्रसिद्ध केली. मॉर्फिन पेशीवर जिथे चिकटते तिथेच हे पेप्टाइड चिकटते आणि वेदना शमवण्यात मॉर्फिनच्याही पुढे जाते. रसायनशास्त्रज्ञांना मात्र त्यातली दुसरीच गोष्ट नवलाची वाटली. साखळीतले दुसरे अमिनो आम्ल उजव्या घडणीचे होते. प्राण्यांच्या प्रथिनांत डाव्या घडणीची अमिनो आम्ले असतात आणि शरीरातली पाचके तीच साखळी तोडायला सरावलेली असतात. उजव्या घडणीच्या कडीपुढे त्यांचे फारसे चालत नाही, त्यामुळे असे पेप्टाइड रक्तात जास्त वेळ टिकते.

मॉन्ट्रियलचे रसायनशास्त्रज्ञ पीटर शिलर यांनी डर्मॉर्फिनच्या पहिल्या चार कड्या घेतल्या, त्यांत फेरफार केले आणि ‘डाल्डा’ नावाचे पेप्टाइड घडवले. (वनस्पती तुपाशी या नावाचा काहीही संबंध नाही.) त्यावर तीन धन विद्युतभार होते. असा रेणू मेंदूत सहजी शिरत नाही, म्हणजे मॉर्फिनचे मेंदूवरचे दुष्परिणाम टाळून वेदना शमवता येतील, अशी अपेक्षा होती. पुढे न्यूयॉर्कमधील कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातील औषधशास्त्रज्ञ हेझल झेटो यांच्याबरोबर या कुळातल्या पेप्टाइडांचा अभ्यास सुरू झाला.

या अभ्यासातून जे हाती लागले ते कोणी शोधत नव्हते. विद्युतभार असलेला रेणू पेशीच्या स्निग्ध पटलातून आत जात नाही, हा पाठ्यपुस्तकी नियम. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ही पेप्टाइडे आतड्याच्या पेशींतून आरपार गेलेली दिसली, आणि त्यासाठी त्यांना मॉर्फिनच्या जागेची गरजही लागली नाही. पेशीत शिरल्यावर ती जातात कुठे, याचे उत्तर २००४ मध्ये मिळाले. ती तंतुकणिकांच्या आतल्या पटलावर गोळा होत होती, तीही बाहेरच्या द्रावणाच्या कितीतरी पट संहत होऊन.

तंतुकणिकांवरचे औषध म्हणून वापरायचे तर वेदनाशमनाचा गुण काढून टाकणे क्रमप्राप्त होते, कारण उदाहरणार्थ हृदयरोग्याला अफूसारख्या औषधाची गरज नसते. मॉर्फिनच्या जागी चिकटण्यासाठी टायरोसिन पहिल्या कडीवर असावे लागते. कड्यांचा क्रम बदलून ते दुसऱ्या कडीवर नेले, की ते चिकटणे संपते. पेशीत शिरण्याचा गुण मात्र राहतो. झेटो (Szeto) आणि शिलर (Schiller) यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या पेप्टाइडाला ‘एसएस-३१’ म्हणू लागले. उजवे आर्जिनिन, दोन मिथिल गट जोडलेले टायरोसिन, लायसिन आणि फेनिलअ‍ॅलनिन, एवढीच त्याची साखळी. एक कडी धनभारित, पुढची वलयाची, पुन्हा धनभारित, पुन्हा वलयाची: सगळे गुण या आलटून-पालटून मांडणीतून आले.

तंतुकणिकेपर्यंत औषध पोचवण्याचा हा पहिला प्रयत्न नव्हता. तंतुकणिकेच्या आत ऋण विद्युतदाब असतो आणि त्याकडे स्निग्ध धन आयन ओढले जातात, हे सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९६९ च्या सुमारास दाखवले होते. त्याच युक्तीने न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात मायकेल मर्फी आणि रॉबिन स्मिथ यांनी ‘मायटोक्यू’ हे औषध तयार केले. पार्किन्सनच्या रुग्णांवरील त्याची चाचणी मात्र निष्फळ ठरली. या पद्धतीत मुळातच एक अडचण आहे. आजारी तंतुकणिकेचा विद्युतदाब घसरलेला असतो, म्हणजे जिला औषध सर्वाधिक हवे तिलाच ते सर्वांत कमी मिळणार. एसएस-३१ या दाबावर विसंबून नव्हते.

ते कशाला चिकटते, हे कळायला २०१३ उजाडले. तोवर त्याला फ्री रॅडिकल्स शोषणारे औषध मानले जाई. प्रत्यक्षात ते कार्डिओलिपिन या मेदद्रव्याला धरते. हे द्रव्य वैद्यकाला नवे नव्हते. मेरी पँगबॉर्न यांनी १९४० च्या दशकाच्या आरंभी ते गुरांच्या हृदयातून वेगळे केले, तेही उपदंशाची रक्तचाचणी सुधारण्यासाठी. गरोदर स्त्रियांची जी व्हीडीआरएल तपासणी होते, तिच्यात आजही तेच वापरतात. तंतुकणिकेच्या आतल्या पटलाच्या घड्या आणि ऊर्जा तयार करणारी प्रथिने यांची बैठक कार्डिओलिपिनवर अवलंबून असते. ते बिघडले की घड्या विस्कटतात.

औषध हाती होते, रोग ठरायचा होता. २००६ मध्ये स्थापन झालेल्या स्टेल्थ कंपनीने त्याचा विकास हाती घेतला. पुढे त्याला ‘एलामिप्रेटाइड’ हे नाव मिळाले. सुरुवात मोठ्या रोगांपासून झाली. हृदयविकाराच्या झटक्यानंतर अँजिओप्लास्टी करताना ते शिरेतून दिले गेले. प्राण्यांत हृदयाची हानी कमी झाली होती, माणसांत झाली नाही. मग तंतुकणिकांच्या आनुवंशिक दोषांमुळे होणाऱ्या स्नायुविकारांची पाळी आली. २१८ रुग्णांना २४ आठवडे रोज त्वचेखाली इंजेक्शन देऊनही सहा मिनिटांत चालून होणारे अंतर प्लासिबोच्या (औषध नसलेल्या इंजेक्शनच्या) तुलनेत वाढले नाही. या रुग्णांचे जनुकीय दोष एकमेकांपासून फार भिन्न होते, आणि त्या सगळ्यांना एकाच मापाने मोजणे हीच बहुधा त्या चाचणीची कमजोरी होती.

ज्या रोगाचे मूळच कार्डिओलिपिनमध्ये आहे तो मात्र शेवटी आला. डच बालमेंदूविकारतज्ज्ञ पीटर बार्थ यांनी १९८३ मध्ये एका कुटुंबातील मुलग्यांमध्ये हृदयाचे स्नायू दुबळे होणे, हातापायांत बळ नसणे आणि वारंवार जंतुसंसर्ग असा आजार वर्णिला; तो बार्थ यांच्याच नावाने ओळखला जातो. १९९६ मध्ये एक्स गुणसूत्रावरील दोषी जनुक सापडले, आणि त्या दोषामुळे कार्डिओलिपिन नीट घडत नाही हे २००० च्या सुमारास कळले. तार्किकदृष्ट्या एलामिप्रेटाइडची पहिली चाचणी इथेच व्हायला हवी होती. पण जगभरात काही शेच ज्ञात रुग्ण असलेल्या रोगात पैसा नसतो.

बार्थच्या चाचणीत अवघे १२ रुग्ण होते. प्रत्येकाला १२ आठवडे औषध आणि १२ आठवडे प्लासिबो मिळाले. दोहोंत ठळक फरक दिसला नाही. त्यानंतर १० जणांनी उघडपणे औषध घेणे चालू ठेवले. ३६ आठवड्यांनंतर त्यांचे सहा मिनिटांचे अंतर सरासरी सुमारे ९६ मीटरने वाढले. पण या टप्प्यात तुलनेला कोणी नव्हते, आणि चालण्याचे अंतर रुग्णाच्या उमेदीवरही अवलंबून असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये अर्ज विचारातही घेतला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सल्लागार समितीने १० विरुद्ध ६ मतांनी अनुकूल कौल दिला, तरीही मे २०२५ मध्ये नकार आला. अखेर गुडघा सरळ करणाऱ्या स्नायूंच्या ताकदीतील सुधारणेच्या आधारे १९ सप्टेंबर २०२५ रोजी ‘फोर्झिनिटी’ या नावाने त्याला त्वरित मंजुरी मिळाली. बार्थवरचे हे पहिले मंजूर औषध. मंजुरी सशर्त आहे. खरा लाभ पुढील चाचणीत सिद्ध करावा लागेल. शिवाय ती किमान ३० किलो वजनाच्या रुग्णांपुरतीच आहे. बार्थमध्ये मृत्यूचा धोका सर्वाधिक असतो तो आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत, आणि त्या वयाची मुले या मंजुरीत बसत नाहीत.