थ्वेट्स हिमनदी : कर्नाटकाएवढा बर्फ समुद्राकडे सरकतोय

पश्चिम अंटार्क्टिकातील थ्वेट्स ही जगातील सर्वांत रुंद हिमनदी. रुंदी सुमारे १२० किलोमीटर, क्षेत्रफळ सुमारे १ लाख ९२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास अख्खं कर्नाटक. वर्षानुवर्षे साठलेला बर्फ स्वतःच्याच वजनाने उताराकडे सरकतो, तीच हिमनदी. थ्वेट्सचा काही भाग वर्षाला दोन किलोमीटरहून जास्त सरकतो. उपग्रहांमुळे हा वेग मोजता येतो.

समुद्र कसा वाढतो?

पेल्यातला बर्फ वितळला म्हणून सरबत सांडत नाही. तसंच आधीच तरंगणारा बर्फ विरघळला तर समुद्राची पातळी फारशी वाढत नाही. जमिनीवर टेकलेला बर्फ पाण्यात उतरला की मात्र वाढते. सध्याच्या जागतिक वाढीत सुमारे ४ टक्के वाटा एकट्या थ्वेट्सचा आहे. ती पूर्ण संपली तर समुद्र सरासरी ६५ सेंटीमीटर वर येईल. अर्थात, हा हिशेब दोन-चार वर्षांचा नाही, शतकांचा आहे.

धोका खालून

या हिमनदीचा तळ समुद्रसपाटीच्या खाली असून आतल्या बाजूला आणखी खोल होत जातो. खोल समुद्रातलं तुलनेने उबदार पाणी बर्फाखाली शिरतं आणि जिथे बर्फ जमिनीला टेकलाय, तो टेकूच कुरतडतं. टेकू मागे गेला की वरचा बर्फ आणखी वेगाने सुटतो.

हे तपासायला अमेरिका व ब्रिटनने २०१८ मध्ये संयुक्त मोहीम सुरू केली. जानेवारी २०२० मध्ये गरम पाण्याने सुमारे ६०० मीटर खोल भोक पाडून ‘आइसफिन’ हा यंत्रमानव खाली सोडला गेला. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. सपाट तळाशी बर्फ अपेक्षेपेक्षा हळू वितळत होता. भेगांमध्ये आणि पायऱ्यांसारख्या कडांवर मात्र झपाट्याने.

गोव्याचा संबंध

भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम १९८१ मध्ये गोव्यातूनच निघाली. आज वास्कोतील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र ‘मैत्री’ व ‘भारती’ या तळांचं काम पाहतं. हे तळ थ्वेट्सपासून फार दूर, पूर्व अंटार्क्टिकात आहेत. ‘मैत्री’जवळच्या दक्षिण गंगोत्री हिमनदीचं टोक किती मागे सरकतं, याची मोजणी भारतीय शास्त्रज्ञ करत आले आहेत.

गोव्यातील खाजन शेती भरतीच्या पातळीखाली, बांधांच्या भरवशावर उभी आहे. ते बांध पुढे किती उंच लागतील, याचं उत्तर बऱ्याच अंशी अशा मोजण्यांवरच ठरणार आहे.