सायलॅबच्या आवृत्त्या: फुकट ते मुक्त

आजचा विषय ऐकायला जरा कोरडा आहे: सायलॅब या गणिती सॉफ्टवेअरच्या आवृत्त्यांचा इतिहास. घाबरू नका, आकड्यांची वंशावळ पाठ करायची नाहीये. नवी आवृत्ती आली की आपण विचारतो, यात नवीन काय? आज आपण वेगळं विचारू. त्या वेळी हे सॉफ्टवेअर कुणाच्या ताब्यात होतं, आणि आपल्याला त्यात काय करायची मुभा होती?

सुरुवात अमेरिकेत होते. 1970च्या दशकाच्या अखेरीस क्लीव्ह मोलर या प्राध्यापकांनी मॅटलॅब लिहिलं. विद्यार्थ्यांना फोरट्रानचा प्रोग्राम न लिहिता मॅट्रिक्सची गणितं करता यावीत, एवढाच हेतू. ते मोफत वाटलं गेलं. 1984 साली कंपनी निघाली आणि नव्याने लिहिलेलं मॅटलॅब विक्रीला आलं.

त्याच मोफत मॅटलॅबच्या आधारे फ्रान्समध्ये इन्रिया या सरकारी संशोधन संस्थेत फ्रान्स्वा देलबेक आणि सर्ज स्टीर यांनी 1980च्या दशकाच्या सुरुवातीला ‘ब्लेझ’ तयार केलं. पुढे त्याचं ‘बाझिल’ झालं आणि एक कंपनी ते विकू लागली. 90च्या सुरुवातीला ही विक्री बंद पडली. बरीच सॉफ्टवेअर अशा वेळी संपतात. इथे मात्र संशोधकांनीच ते हाती घेतलं, ‘सायलॅब’ असं नाव दिलं आणि जानेवारी 1994 मध्ये 1.1 ही आवृत्ती इंटरनेटवर खुली केली. त्याच वर्षी सप्टेंबरात नांदेडला आपलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. म्हणजे दोघं एकाच वयाची!

आता नीट लक्ष द्या. 1994 पासूनचं सायलॅब फुकट होतं, त्याचा सोर्स कोडही मिळायचा. पण त्यात बदल करून ते व्यापारी कामासाठी द्यायचं असेल, तर मालक संस्थांची परवानगी लागायची. फुकट होतं, पूर्ण मुक्त नव्हतं. शेजाऱ्याने विहिरीवर पाणी भरू दिलं म्हणजे विहीर आपली होत नाही, तसं. 2003 मध्ये कंपन्या आणि संशोधन संस्थांचा संघ स्थापन झाला. 2008 मध्ये 5.0 आली, तीही सेसिल या मुक्त परवान्याखाली. माझ्या मते या इतिहासातला सगळ्यात मोठा टप्पा हाच.

का, ते मुंबईत दिसतं. केंद्र सरकारने 2009 मध्ये माहिती-तंत्रज्ञानातून शिक्षणाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. त्याच्या निधीतून आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली ‘फॉसी’ प्रकल्प उभा राहिला. देशभरातल्या विद्यार्थ्यांनी नेहमीच्या पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं सायलॅबमध्ये लिहिली, त्याबद्दल मानधन मिळालं, आणि तो कोड सगळ्यांसाठी खुला झाला. ‘स्पोकन ट्युटोरियल’चे धडे मराठीतही आले. तापमान नियंत्रणाचा एक छोटा संच पवईत ठेवला आणि इंटरनेटवरून तो कुठूनही चालवायची सोय केली. विष्णुपुरीच्या श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत किंवा लातूरच्या एखाद्या तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या पोरासाठी याचा अर्थ साधा आहे: महागडा परवाना नको, चोरीची सीडी नको, घरच्या संगणकावरही तेच सॉफ्टवेअर.

पण गोष्ट इथे संपत नाही. 2017 मध्ये 6.0 आली, जीपीएल परवान्यासह. आतलं इंजिन नव्याने लिहिलेलं. आधी मोठं मॅट्रिक्स घ्यायचं तर ‘स्टॅकसाइझ’ची मर्यादा वाढवावी लागायची, ती कटकट गेली. मात्र 5 वर लिहिलेले काही प्रोग्राम 6 वर जसेच्या तसे चालेनात. त्याच वर्षी सायलॅब सांभाळणारी कंपनी ईएसआय समूहाने विकत घेतली. मालक बदलला, पण मुक्त परवान्याखाली एकदा दिलेला कोड कुणी परत घेऊ शकत नाही.

मग जुना पडलेला कोड दुरुस्त कोण करणार? कायद्याने तो हक्क आता तुम्हाला आहे. हक्क आहे म्हटल्यावर थोडी जबाबदारीही आली. म्हणून एक सवय लावून घ्या: प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत तो कोणत्या आवृत्तीवर चालवून पाहिला, ते लिहा. दहा वर्षांनी तो उघडणारा विद्यार्थी तुमचे आभार मानेल.

आता प्रश्न घेऊ या.